दरवाजा एक

दवाखान्यामागच्या वळणावर गाडी लावली.
तिकीट नाही, पाटी नाही,
एका खांबावर बाण, तोही शेवाळलेला.
"हाच?" यशोधन म्हणाला,
पंगतीत बसल्यावर
पानात नुसती कोशिंबीर बघून
माणूस म्हणतो तसं.

नकाशावर मात्र जुन्या वळणाच्या अक्षरांत छापलंय : किल्ला.
बोटभर खाली पुन्हा : किल्ला.
वूलरच्या पाठची ही टेकडी,
लोक इथे कुत्रा फिरवायला येतात,
नाव विचारलं तर म्हणतात, "ती होय? टेकडी."

फाटक एका वेळी एकालाच आत घेतं.
आधी त्याचा नवा गुडघा गेला, मग तो.
वाटेच्या दोन्ही अंगांना पिवळी काटेरी झुडपं फुललेली,
त्यांना खोबरेल तेलाचा वास येतो.
वास दोघांनीही ओळखला
आणि दोघंही गुडघ्याबद्दल बोलत राहिलो.

वीस मिनिटांची चढण. तीनदा थांबलो,
देखावा बघायला, असं ठरलं होतं.
चेव्हिअटच्या डोक्यावर ढगाचा ओला पंचा,
पलीकडे स्कॉटलंड,
ते नेमकं कुठून सुरू होतं, वरून कळत नाही.
टिटव्या ओरडत होत्या,
आमच्याकडच्यांपेक्षा जरा नाकात.

माथा आला. गवत.
गवताचं एक मोठं कडं, त्याच्या आत आणखी एक,
अंगठी काढल्यावर बोटावर राहतो
तसा वळ.
"बुरूज?" नाही.
"टाकं?" नाही.
"तोफ?"
तोफ यायला अजून दीड हजार वर्षं होती.
"मग किल्ला कशावरून?"
मी नकाशा पुढे केला.
त्याने तो हॉटेलचं बिल तपासावं तसा तपासला.

मिसेस टेल्फर मेंढ्या मोजत होत्या, मोजणी चुकली तरी थांबल्या.
एवढ्याशा टेकडीवर दोन किल्ले कशाला, मी विचारलं.
"भाऊ भाऊ असतील," त्या म्हणाल्या,
"माझा दीर खालच्या शेतात राहतो.
त्याच्यासाठी मीसुद्धा खंदक खणला असता."
यशोधन हसला. विमानतळावर उतरल्यापासून पहिल्यांदा.

मग त्यांनी शीळ घातली.
तट गुडघ्याइतकाही उरलेला नाही,
कोकरूसुद्धा उडी मारून जाईल.
पण मेंढ्या वळल्या,
तटाच्या कडेकडेने पार पूर्वेला गेल्या
आणि तिथल्या खिंडारातून
एकीमागे एक आत शिरल्या.
तिथली माती खुरांनी काळी, मधोमध खोलगट,
उंबरा झिजतो तशी.
"कायम तिथूनच," मिसेस टेल्फर म्हणाल्या,
"सासऱ्यांच्या वेळीही. शिकवलं कुणीच नाही."

यशोधन तटावर उभा होता, एक पाय आत.
तो पाय त्याने मागे घेतला.
गुडघा सांभाळत उतरला, वळसा घातला,
मेंढ्यांच्या मागून, लेंड्या चुकवत,
दारातून आत आला.

चहा झाल्यावर त्याने पिशवीतून ती वही काढली.
एकशे सात किल्ले, सगळे माझ्या बहिणीच्या अक्षरात,
तिच्या 'ळ'ला नेहमी एक वेटोळं जास्त.
एकशे आठ हा आकडाही तिनेच घालून ठेवलेला,
पुढे कोरं.
वाऱ्यात त्याने पान कोपराने दाबून धरलं.

नाव : विचारायचं राहिलं.
उंची : किरकोळ.
पाणी : खाली, ओढ्याला.
तट : दोन, आडवे झालेले.
दरवाजा : एक. वापरात.

मग बराच वेळ पेन तसंच.
मी खालच्या सोंडेवरचा दुसरा किल्ला बघत राहिले,
वाळक्या नेच्यात अर्धा बुडालेला.
तिथे कुणीतरी कुत्र्याला हाक मारत होतं,
कुत्र्याचं नाव आमच्यापर्यंत पोचलं नाही.

"त्याला वेगळा नंबर द्यायचा का?" यशोधनने विचारलं.
साडेपाचला औषधांचं दुकान बंद होतं,
त्याच्या गोळ्या घ्यायच्या राहिल्या होत्या.
मी म्हटलं, आधी बघू तर,
दार कुठल्या अंगाला आहे.